महासाथीच्या काळात लस घेण्याची लोकांची तयारी कशावर ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या महासाथीत वर्षभराच्या आत लस तयार झाली, तरी ती आली तेव्हा सगळेच बाही वर करून पुढे आले नाहीत. काहींनी पहिल्याच दिवशी रांग लावली, काहींनी सहा-सहा महिने वाट पाहिली आणि काहींनी शेवटपर्यंत घेतली नाही. हा फरक कशामुळे पडतो, याविषयी आरोग्यसेवक, स्वयंसेवक आणि कुटुंबीय पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोविडसोबत जुन्या साथींची उदाहरणेही घेतली आहेत, कारण आज कानावर येणाऱ्या बहुतेक शंका शंभर वर्षांपूर्वीही लोकांच्या तोंडी होत्या.

लस न घेणारे सगळे लसविरोधक असतात का?

नाही, आणि हा समज जितक्या लवकर सुटेल तितके पुढचे काम सोपे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लसीबाबतच्या साशंकतेची व्याख्या करताना, लस उपलब्ध असूनही ती घेण्यास विलंब करणे किंवा ती नाकारणे, अशा दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या आहेत. एका टोकाला कोणतीही लस नको म्हणणारे ठाम विरोधक असतात आणि ते संख्येने थोडे असतात. दुसऱ्या टोकाला विनाशंका लस घेणारे असतात. या दोहोंच्या मध्ये फार मोठा वर्ग असतो: एक डोस घेऊन दुसरा टाळणारे, स्वतः घेऊन मुलांना न देणारे, ‘आधी इतरांचे काय होते ते पाहू’ म्हणणारे, आणि मनात काहीही विरोध नसताना केवळ जायला सवड न मिळालेले. यांतील प्रत्येकाचे घोडे वेगळ्या ठिकाणी अडलेले असते. सगळ्यांना एकच माहितीपत्रक वाटून भागत नाही ते याच कारणाने.

ही साशंकता कोविडने जन्माला घातली असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच, म्हणजे कोविडच्या आधी, जागतिक आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांत तिचा समावेश केला होता.

मग सर्वांत मोठा प्रभाव कशाचा असतो?

एकच घटक निवडायचा झाला तर तो विश्वासाचा. हा विश्वास तीन ठिकाणी असावा लागतो: लसीवर, ती देणाऱ्या माणसांवर आणि ती द्यायचे ठरवणाऱ्या यंत्रणेवर. जून २०२० मध्ये, लस अजून बाजारात यायची होती तेव्हा, १९ देशांतील १३ हजारांहून अधिक लोकांना विचारण्यात आले की सुरक्षित आणि परिणामकारक लस आली तर तुम्ही ती घ्याल का. ७१.५ टक्के लोकांनी घेण्याची शक्यता असल्याचे सांगितले. परंतु चीनमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या जवळ, तर रशियात ५५ टक्क्यांच्या आसपास होते. आपल्या सरकारकडून येणाऱ्या माहितीवर ज्यांचा भरवसा होता, ते लस घेण्यासही अधिक तयार होते.

याच काळात आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील १० देशांत झालेल्या दुसऱ्या सर्वेक्षणात सरासरी ८० टक्के लोकांनी तयारी दाखवली, तर अमेरिकेत हे प्रमाण सुमारे ६५ टक्के भरले. श्रीमंत आणि शिकलेल्या समाजात स्वीकार जास्त असणार, हे गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही. ज्या समाजांत गोवर, धनुर्वात, घटसर्प यांनी मुले दगावलेली अजून लोकांच्या आठवणीत आहेत, तेथे लसीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही, असे मला यावरून वाटते. त्याच सर्वेक्षणात लस घेण्याचे मुख्य कारण ‘स्वतःचे संरक्षण’ आणि न घेण्याचे मुख्य कारण ‘दुष्परिणामांची भीती’ असे आढळले. सल्ला कोणाचा मानाल, या प्रश्नाला सर्वाधिक उत्तरे आरोग्यसेवकांच्या बाजूने आली.

साथ जोरात असली की लोक आपोआप लस घेतात का?

बऱ्याच अंशी होय, आणि ही फार महागात पडणारी सवय आहे. रोग डोळ्यांसमोर नसेल तेव्हा लसीचा छोटासा धोकाही मोठा दिसतो. रोग शेजारच्या घरात आला की तोच धोका नगण्य वाटू लागतो. मात्र लसीचा परिणाम सुरू व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि बहुतेक लसींचे एकाहून अधिक डोस घ्यावे लागतात. लाट आल्यावर धावपळ करून घेतलेली लस अनेकांच्या बाबतीत उशिरा पोहोचते.

हाँगकाँगचे उदाहरण जीव हळहळायला लावणारे आहे. तेथे पहिली दोन वर्षे साथ फार चांगली आटोक्यात होती आणि लसही मुबलक होती. ज्येष्ठांना आणि त्यांच्या मुलांना वाटत राहिले की बाहेर रोगच नाही, मग दहा जुन्या व्याधी असलेल्या देहावर लसीचा प्रयोग कशाला करायचा. २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा ८० वर्षांवरील बहुसंख्य लोकांनी लस घेतलेली नव्हती, आणि त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकसंख्येच्या मानाने जगातील सर्वांत जास्त मृत्युदरांपैकी एक तेथे नोंदला गेला. ज्यांना लसीची सर्वाधिक गरज होती, त्यांनाच सर्वाधिक जपले जात होते. फक्त ते जपणे रोगापासून नव्हे, लसीपासून होते.

‘इतक्या घाईत तयार झालेली लस कशी घ्यायची?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

आधी प्रश्न रास्त आहे हे मान्य करावे. त्यापूर्वी सर्वांत वेगाने तयार झालेल्या लसींत गालगुंडाच्या लसीचे नाव घेतले जाई आणि तिलाही चार वर्षे लागली होती. कोविडच्या विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लसीकरण सुरू झाले. हे ऐकून शंकेची पाल चुकचुकली नाही तरच नवल.

त्यानंतर वेळ कोठे वाचला ते सांगावे. एमआरएनए तंत्र, म्हणजे विषाणूचा एक छोटा भाग स्वतः बनवण्याची सूचना शरीराला देणाऱ्या लसींचे तंत्र, त्या वर्षी जन्मलेले नव्हते. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांचा त्यातील कळीचा शोध २००५ सालचा आहे आणि त्यासाठी त्यांना २०२३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. एरवी चाचणीच्या एका टप्प्यानंतर निधी, परवानग्या आणि स्वयंसेवक गोळा करण्यात वर्षे जातात. येथे टप्पे एकमेकांना जोडून घेतले गेले आणि निकाल हाती येण्यापूर्वीच कारखान्यांत उत्पादन सुरू झाले. लस निकामी ठरली असती तर तो पैसा बुडाला असता, म्हणजे जोखीम पैशाची घेतली गेली. रोग सर्वत्र पसरलेला असल्यामुळे लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या गटांतील फरकही लवकर दिसला. तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या मात्र छोट्या नव्हत्या. फायझरच्या चाचणीत ४० हजारांहून अधिक लोक होते.

एक गोष्ट लपवू नये: काही वर्षांनी काय होते हे पाहायला काही वर्षे जावीच लागतात. लसींचे गंभीर दुष्परिणाम सामान्यतः पहिल्या काही आठवड्यांतच दिसतात, हा आजवरचा अनुभव सांगावा, पण तो अनुभव म्हणूनच सांगावा, हमी म्हणून नव्हे. गर्भवतींच्या बाबतीत सुरुवातीच्या चाचण्यांतून त्यांना वगळल्यामुळे पहिले काही महिने ठाम सल्ला देता आला नाही. त्या पोकळीत जी भीती शिरली ती नंतर चांगली माहिती हाती येऊनही सहजासहजी निघाली नाही.

दुष्परिणामांची भीती किती खरी आणि किती मनाची?

या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अपेक्षित त्रास: दंड दुखणे, ताप, अंगदुखी, थकवा. हा त्रास खरा असतो, पण त्यातील काही भाग अपेक्षेतून येतो. कोविड लसींच्या चाचण्यांत ज्यांना लसीऐवजी निष्क्रिय द्रावण टोचले होते, अशांपैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या टोचणीनंतर डोकेदुखी, थकवा यांसारख्या तक्रारी नोंदवल्या. त्रास होणारच असे मनाने घेतले की शरीरही त्याला साथ देते. याचा अर्थ लोक खोटे बोलतात असा मुळीच नाही. त्यांना डोकेदुखी जाणवलेली असते.

दुसरी गोष्ट योगायोगाची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. समजा, एक कोटी लोकवस्तीत दर हजारी वर्षाला ७ मृत्यू होतात. म्हणजे वर्षाला ७० हजार आणि दिवसाला सुमारे १९०. या एक कोटी लोकांना निव्वळ पाणी टोचले तरी टोचल्यानंतरच्या चोवीस तासांत सुमारे १९० जण कोणत्या ना कोणत्या कारणाने दगावतील. त्या प्रत्येक घरात ‘काल लस घेतली आणि आज गेले’ हे वाक्य उच्चारले जाईल, आणि ते अक्षरशः खरे असेल. वृद्ध आणि आजारी लोकांना आधी लस देण्याचे धोरण असले की असे योगायोग अधिकच घडतात. घरच्यांना आकडेवारी ऐकवून ते दुःख हलके होत नाही. घटनेची नीट चौकशी होऊन तिचा निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोहोचणे हाच त्यांचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे खरोखरचे, अतिशय दुर्मीळ पण गंभीर परिणाम. अमेरिकेत १९७६ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस देण्यात आली. तिच्यामुळे दर लाख लोकांमागे सुमारे एकाला गिलाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार जास्तीचा झाल्याचे आढळले, आणि ज्या साथीसाठी एवढा खटाटोप केला ती आलीच नाही. त्या डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. २००९-१० च्या एच१एन१ महासाथीत वापरलेल्या एका लसीचा संबंध फिनलंड आणि स्वीडनमधील मुलांत वाढलेल्या नार्कोलेप्सीशी, म्हणजे अनावर झोपेच्या विकाराशी, जोडला गेला. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय औषध संस्थेने ॲस्ट्राझेनेकाच्या लसीच्या दुष्परिणामांत, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याचा अतिशय दुर्मीळ प्रकार समाविष्ट केला. या घटना घडल्या आहेत. त्या नाकारणारा प्रचारक साशंक माणसाच्या नजरेतून कायमचा उतरतो.

दुष्परिणामांची माहिती उघडपणे दिली तर लोक आणखी घाबरणार नाहीत का?

काही जण घाबरतात. डेन्मार्क आणि अमेरिका येथे झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे थेट तपासले गेले. लसीच्या उणिवा स्पष्ट सांगितल्यावर तात्कालिक तयारी कमी झाली, पण आरोग्य यंत्रणेवरचा विश्वास वाढला. गोलमोल, केवळ दिलासा देणाऱ्या निवेदनाने तयारीही वाढली नाही आणि विश्वास मात्र घटला. महासाथीत पुढचा डोस, पुढची लस, पुढची सूचना येतच असते, त्यामुळे आज गमावलेली थोडी तयारी परवडते, गमावलेला विश्वास परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. डेन्मार्कने एप्रिल २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाची लस आपल्या मोहिमेतून कारणे देऊन पूर्णपणे काढून टाकली. तरीही इतर लसी घेण्याचे तेथील प्रमाण उंचच राहिले.

चूक झाल्यावर यंत्रणा कशी वागते यावरही बरेच ठरते. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस १०७ जणांना टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व जण ‘५३-एन’ या एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे निष्पन्न झाले. दोष लसीचा नव्हता. पण ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि त्यांच्यावरील आरोप पुसला जायला १९०७ साल उजाडले. चौकशी रेंगाळली की निर्दोष लस आणि निर्दोष माणूस दोघेही संशयात राहतात.

याउलट अमेरिकेत १९५५ मध्ये एका कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेल्याने सुमारे २०० मुलांना पक्षाघात झाला आणि १० दगावली. हे संकट मुल्कोवालपेक्षा कितीतरी मोठे होते. पण लस ताबडतोब मागे घेतली गेली, उत्पादनाचे निकष कडक झाले आणि मोहीम पुन्हा सुरू झाल्यावर पालक मुलांना घेऊन परत आले. पोलिओची दहशत मोठी होती हे त्यामागचे एक कारण आहेच.

जुन्या अन्यायांच्या आठवणींचा आजच्या निर्णयाशी काय संबंध?

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवरील उपचार हेतुपुरस्सर नाकारून त्यांच्या आजाराचे केवळ निरीक्षण केले गेले. उत्तर नायजेरियातील कानो येथे १९९६ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत एका औषध कंपनीने मुलांवर केलेली चाचणी वादात सापडली. २००३ मध्ये त्याच भागात पोलिओ लसीवर बहिष्कार पडला, तेव्हा त्यामागे ही आठवणही होती. बहिष्कार उठायला सुमारे वर्ष लागले आणि तोवर पोलिओ अनेक देशांत पुन्हा पोहोचला. २०११ मध्ये अमेरिकी गुप्तहेर संस्थेने पाकिस्तानातील अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी हिपॅटायटिस-बी लसीकरणाचा बनाव रचला. त्यानंतर त्या देशात खऱ्या लसीकरण कर्मचाऱ्यांवरचा संशय वाढला, त्यांच्यावर जीवघेणे हल्ले झाले आणि २०१४ मध्ये अमेरिकी प्रशासनाला जाहीर करावे लागले की लसीकरणाचा असा वापर यापुढे होणार नाही.

अशा समाजातील माणूस ‘यात काहीतरी काळेबेरे असेल’ म्हणतो, तेव्हा तो अडाणीपणाने बोलत नसतो. त्याच्यापुढे जुनी घटना नाकारण्याऐवजी ती घडल्याचे मान्य करून, आज कोणते नियम बदलले आहेत हे सांगणे अधिक उपयोगी पडते.

अफवांचा परिणाम मोजता येतो का?

येतो. ब्रिटन आणि अमेरिका येथे प्रत्येकी सुमारे चार हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात, समाजमाध्यमांवर फिरणारा खोटा मजकूर दाखवल्यानंतर, आधी ‘नक्की घेणार’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही देशांत सुमारे सहा टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभरामागे सहाने, घसरले. शास्त्रीय भासणारी अफवा अधिक प्रभावी ठरते, हेही त्यात दिसले.

अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ मधील लेख केवळ १२ मुलांवर आधारलेला होता. त्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला गेला. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली, परंतु ती भीती आजही पालकांच्या तोंडून ऐकू येते. अफवा खोडून काढायला वेळ लावू नये, एवढे यातून नक्की घेता येईल. आणि खोडताना आधी खरी गोष्ट सांगावी, मग अफवा एकदाच उल्लेखावी, तीत चूक कोठे आहे ते दाखवावे. अफवेचाच मथळा मोठ्या अक्षरांत छापून खाली ‘हे खोटे आहे’ असे लिहिले तर लक्षात मथळाच राहतो.

शिक्षण वाढले की साशंकता कमी होते का?

सरसकट नाही. काही देशांत शिक्षणासोबत स्वीकार वाढलेला दिसतो, काही ठिकाणी उच्चशिक्षित पालकच अधिक चिकित्सा करतात आणि तीतून विलंब करतात. आरोग्यसेवकांतही साशंक लोक असतात. वय, लिंग आणि उत्पन्न यांचेही तसेच आहे. फक्त वाढत्या वयासोबत कोविड लसीचा स्वीकार बहुतेक ठिकाणी वाढला, कारण धोकाही वयासोबत वाढत होता.

‘तयारी’ आणि ‘सोय’ यांत फरक कसा ओळखावा?

केंद्र जवळ आणून पाहावे. सिएरा लिओनमधील दुर्गम भागांत कोविड लसीकरण अत्यल्प होते आणि दुरून पाहणाऱ्याला तो लोकांचा नकार वाटला असता. संशोधकांनी १५० वस्त्यांपैकी काहींत फिरती पथके पाठवली, आधी वस्तीतील मंडळींशी बोलणे केले आणि तेथेच लस दिली. दोन-तीन दिवसांत लसीकरणाचे प्रमाण सुमारे २६ टक्केबिंदूंनी वाढले. एवढी वाढ कोणत्याही जाहिरातीने झाल्याचे माझ्या वाचनात नाही. दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून, केंद्रावर लस संपली आहे हे ऐकून परत आलेल्या माणसाला साशंकांच्या यादीत घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

फ्रान्सला याचा उलट धडा २००९ मध्ये मिळाला. सरकारने एच१एन१ लसीच्या ९ कोटी ४० लाख मात्रा मागवल्या, पण लस नेहमीच्या कुटुंबवैद्यांकडे न देता व्यायामशाळांसारख्या जागी उभारलेल्या खास केंद्रांत ठेवली. शंभरातील दहा लोकांनीही ती घेतली नाही. ज्या डॉक्टरला माणूस वर्षानुवर्षे ओळखतो, त्यालाच बाजूला सारले गेले होते.

सुईची भीती हाही असाच दुर्लक्षित अडसर आहे. ब्रिटनमधील १५ हजार प्रौढांच्या सर्वेक्षणात सुमारे चौथ्या हिश्श्यात इंजेक्शनच्या भयगंडाची लक्षणे आढळली, आणि एकूण साशंकतेपैकी अंदाजे दहावा हिस्सा या भीतीमुळे असावा असा निष्कर्ष निघाला. मोठ्या माणसाला हे कबूल करायची लाज वाटते, मग तो कारण दुसरेच सांगतो. आडोसा, झोपून टोचून घेण्याची मुभा आणि घाई न करणारी परिचारिका एवढ्याने अशा अनेकांचे काम होते.

सक्तीने लसीकरण वाढते का?

वाढू शकते, पण किंमत मोजून. जुलै २०२१ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी उपाहारगृहे, रेल्वे इत्यादींसाठी आरोग्यपास, म्हणजे लस घेतल्याचा किंवा संसर्ग नसल्याचा दाखला, आवश्यक होणार असे जाहीर केले आणि एका दिवसात नऊ लाखांहून अधिक लोकांनी लसीची वेळ घेतली. त्याच निर्णयाविरुद्ध आठवड्यामागून आठवडे मोर्चेही निघाले. रिओ द जानेरोमध्ये १९०४ च्या नोव्हेंबरमध्ये देवीच्या लसीची सक्ती होताच दंगल उसळली आणि सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली. चारच वर्षांनी देवीची भयंकर साथ आली तेव्हा लोक आपणहून लस घ्यायला आले. इंग्लंडमध्ये १८५३ पासून असलेल्या सक्तीला इतका विरोध झाला की १८९८ मध्ये सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट देणारी तरतूद कायद्यात आणावी लागली.

सक्ती टाळाटाळ करणाऱ्यांना हलवते. ठाम विरोधकांना ती अधिक ठाम करते. लस पुरेशी, मोफत आणि जवळ उपलब्ध नसताना सक्ती करणे तर सरळ चूक आहे.

बक्षिसे, पैसे, सोडती यांचे काय?

परिणाम होतो, पण थोडा. स्वीडनमधील प्रयोगात २०० क्रोनर दिल्याने लसीकरण सुमारे चार टक्केबिंदूंनी वाढले. अमेरिकेतील ओहायो राज्याने दहा लाख डॉलरची सोडत ठेवली. तिचा उपयोग झाला की नाही यावर अभ्यासकांत एकमत झाले नाही. फ्लूच्या लसीबाबत ‘तुमच्यासाठी लस राखून ठेवली आहे’ एवढ्या साध्या संदेशाने लहान पण निश्चित वाढ मिळाली, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

लोकांवर कोणाच्या शब्दाचा परिणाम होतो?

प्रसिद्ध व्यक्तींचा काही प्रमाणात होतो. ऑक्टोबर १९५६ मध्ये गायक एल्विस प्रेस्ली यांनी छायाचित्रकारांसमोर पोलिओची लस घेतली, ती लस टाळणाऱ्या किशोरवयीनांपर्यंत पोहोचण्यासाठीच. परंतु अधिक खोल परिणाम ओळखीच्या माणसांचा आणि डॉक्टरांचा असतो. चेक प्रजासत्ताकात डॉक्टरांच्या पाहणीत ९० टक्के डॉक्टरांचा कोविड लसींवर विश्वास असल्याचे दिसले, तर सामान्य लोकांना तो जेमतेम ५० टक्के डॉक्टरांचा असेल असे वाटत होते. दूरचित्रवाणीवर एक बाजूचा आणि एक विरोधी बाजूचा असे दोन तज्ज्ञ समोरासमोर बसवले की असा गैरसमज सहज होतो. खरा आकडा केवळ एकदा सांगितलेल्या गटात लसीकरण सुमारे चार टक्केबिंदूंनी जास्त झाले आणि तो फरक नऊ महिने टिकला.

धार्मिक नेतृत्वाचेही असेच. २०१८ मध्ये इंडोनेशियातील उलेमा परिषदेने गोवर-रुबेला लसीत वराहजन्य घटक असल्याचे सांगून, गरज म्हणून ती घेण्यास मुभा दिली. तरीही अनेक प्रांतांत प्रमाण घटले. मोहिमेच्या मध्यावर विचारण्याऐवजी महिनोन्‌महिने आधी विश्वासात घेतले असते तर बरे झाले असते.

बूस्टर डोसच्या वेळी लोक मागे का हटले?

कारण सुरुवातीला अपेक्षाच चुकीची निर्माण झाली होती. ‘९५ टक्के परिणामकारक’ याचा अर्थ अनेकांनी ‘लस घेतली की संसर्ग होणारच नाही’ असा घेतला, आणि तसा तो घेऊ दिला गेला. ओमायक्रॉनच्या लाटेत दोन डोस घेतलेल्यांनाही संसर्ग झाला तेव्हा, गंभीर आजार आणि मृत्यूपासूनचे संरक्षण बरेचसे टिकून होते ही महत्त्वाची गोष्ट ऐकायला कोणी थांबले नाही. शिवाय तोवर भीती ओसरली होती आणि दुसऱ्या डोसनंतरच्या तापाची आठवण ताजी होती.

घरातील व्यक्ती लस घ्यायला तयार नसेल तर तिच्याशी कसे बोलावे?

उत्तर देण्याची घाई न करता आधी विचारावे. समजा, साठीच्या एका बाई आरोग्यसेविकेला दारातूनच सांगतात, “मला नको बाई ती लस.” येथे बहुतेक जण लगेच फायदे सांगायला सुरुवात करतात. त्याऐवजी संवाद असा जाऊ शकतो:

“बरं मावशी, नको तर नको. पण काळजी नेमकी कसली वाटते?”

“माझ्या जावेला तीन दिवस ताप होता. मला साखर आहे, बीपी आहे.”

“ताप येतो काहींना, खरं आहे. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. साखर आणि बीपी असलेल्यांना हा आजारच जास्त जड जातो, म्हणून तुम्हाला आधी विचारतेय. आणखी काही मनात आहे का?”

“ताप येऊन मी पडले तर ह्यांच्याकडे कोण बघणार? ह्यांना उठवून बसवायलाही माणूस लागतं.”

खरी अडचण तिसऱ्या वाक्यात बाहेर आली. ती लसीच्या सुरक्षिततेविषयीची नव्हती, आणि सुरक्षिततेची कितीही माहिती दिली असती तरी सुटली नसती. “मुलगी कोणत्या दिवशी घरी असते, मावशी?” हा पुढचा प्रश्न तेथे योग्य ठरतो. उत्तर ‘रविवारी’ असे आले तर लस शनिवारी दुपारी द्यावी, सोबत तापाची गोळी आणि फोन नंबर लिहिलेला कागद द्यावा, आणि रविवारी सकाळी आठवणीने एक फोन करावा.